हेड कोचचं काम

हेड कोचनं स्वतः पळायचं नसतं, माणसं नेमायची असतात, हे सोमेश कडलगेचं ठाम मत होतं. हे मत त्यानं मुंबईच्या रग्बी शिबिरातून आणलं होतं. शिबिरात बाकी काय शिकवलं ते त्याला धड सांगता आलं नसतं. पण एक साहेब काळा गॉगल लावून खुर्चीत बसतो आणि त्याची माणसं मैदानभर पळतात, हे दृश्य त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. हुपरीचे आण्णाशेठ म्हणजे चांदीच्या पैंजणांचे बडे व्यापारी. ते परदेशात गेले, तिथं हॉटेलातल्या टीव्हीवर त्यांनी रग्बी बघितली आणि "ही तर आपल्याच मातीतली भानगड हाय की," असं म्हणत परत आले. आले ते थेट गडमुडशिंगीच्या माळावर क्लब काढूनच थांबले. क्लबही साधासुधा नव्हे, पगारी! तालमीतली दांडगी पोरं निवडली आणि शिबिर केलेला जिल्ह्यातला एकमेव माणूस म्हणून सोमेशला हेड कोच केलं.

"पैली मॅच बघतो, मग पर्मनंट करतो," शेठ म्हणाले.

एवढ्या भरवशावर या पठ्ठ्यानं कुरुंदवाडच्या शाळेतली पीटी मास्तरची नोकरी सोडली. अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, बोलणंच टाकलं. "पर्मनंट झालास की घराकडं ये," एवढंच म्हणाले. त्याची बायको विद्याश्री मात्र सगळ्या गल्लीला सांगून बसली होती, की आमचे हे आता हेड कोच. त्यामुळं परतीचा रस्ता दोन्हीकडून बंद होता.

सोमेशनं पहिल्या दिवशी गॉगल घेतला आणि दुसऱ्या दिवशी माणसं शोधायला लागला. पेपरात जाहिरात दिली. एक निवृत्त होमगार्ड आला, तोही बंदोबस्ताचं काम समजून. मग गावातच शोधणं आलं. खेळाडूंचा आहार बघायला तानाबाई मिळाली. तिची खानावळ होती आणि तिच्याकडं जेवलेला माणूस दुपारी कामाला लागल्याचं कुणी बघितलं नव्हतं. फिजिओ म्हणून गुंडू हाडवैद्य आला. तो आधी पाय ओढायचा आणि मग कुठं दुखतंय ते विचारायचा.

राहिला टॅकलचा कोच, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं कसं पाडायचं ते शिकवणारा माणूस.

"त्यात काय अवघड हाय?" विद्याश्री म्हणाली. "आमचा शिवमूर्ती मामा काय करतोय मग? वस्ताद हाय की."

शिवमूर्ती वस्ताद म्हणजे नावाजलेला माणूस. त्यानं घडवलेल्या पैलवानांनी पार सीमेपलीकडची मैदानं मारली होती. वस्ताद तयार झाला, पण एका अटीवर. "जावईबापू, पोरं एकदा माझ्या ताब्यात दिली की मधी तोंड घालायचं न्हाय."

आता बायकोच्या मामाला कोण काय बोलणार? सोमेशनं मान डोलावली आणि मनातून तो खूषच झाला. हेड कोचनं मधे तोंड घालायचंच नसतं! तो खुर्चीत बसला. समोर पोरं वस्तादाच्या हाताखाली रोज दमत होती, गुंडूकडून पाय ओढून घेत होती, तानाबाईकडं जेवत होती. सगळं कसं यंत्रासारखं चाललं होतं. फक्त खेळाचे नियम तेवढे कुणी सांगितले नव्हते. वस्तादाला वाटलं, ते हेड कोचनं सांगितले असतील. हेड कोचला वाटलं, त्यासाठी तर स्टाफ ठेवलाय.

मॅचच्या दिवशी माळावर जत्रा लोटली. पुण्याचा संघ आला, तिकडनंच पंच आले. शेठनी कपाऐवजी चांदीची गदा करून आणली होती. हलगी कडाडत होती. सोमेश गॉगल लावून खुर्चीत बसला.

शिट्टी झाली. पुण्याचा एक उंचापुरा गडी चेंडू काखेत मारून सुटला. आपला राजवीर आडवा गेला, त्यानं पाय धरून पट काढला आणि गडी उचलून असा टाकला, की त्याची पाठ जमिनीला सपशेल लागली. चेंडू हातातून सुटून बाजूला पडला. सोमेश खुर्चीतून उठला. "उचल! उचल!"

राजवीरनं चेंडूकडं बघितलंही नाही. कुस्ती झाली होती. त्यानं माती कपाळाला लावली, हात वर केला आणि तो लोकांच्या दिशेनं धावत सुटला. लोकांनी दोर ओलांडून त्याला खांद्यावर घेतलं आणि डोक्याला पटका बांधला. पुण्याचा गडी उठला, त्यानं इकडंतिकडं बघितलं, पपईसारखा तो चेंडू उचलला आणि शांतपणे चालत जाऊन रेषेपलीकडं ठेवला. पुण्याला गुण मिळाले.

मग हेच चालू झालं. पुण्याचा जो येईल तो चीत. चीत झाला की आपला गडी मिरवणुकीला. एकानं तर पडलेल्या गड्याला हात देऊन उठवलं, त्याचे कपडे झटकले आणि चेंडू त्याच्या हातात दिला. "घ्या पावणं, तुमचं ऱ्हायलं."

मध्यंतराला सोमेश घामानं भिजला होता. पाटीवर पुण्याचे आकडे चढत होते आणि आपल्या बाजूला भोपळा होता.

"मामा, पाडल्यावर चेंडू घ्यायचा असतो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पाडणं म्हणजे जिंकणं न्हवं. चेंडू घेऊन त्यांच्या रेषेपलीकडं ठेवायचा असतो."

वस्तादाचा चेहरा उतरला. "पडलेल्या माणसाची वस्तू घेऊन पळायचं?"

"व्हय मामा. नियमच हाय तसा."

"जावईबापू, आमच्या तालमीत चीत झालेल्याला परत हात लावत न्हाईत. तुमी चोऱ्या शिकवाय पोरं घेतलीसा व्हय?"

पोरांनी खाली माना घातल्या. सोमेशला अप्पांचा चेहरा दिसला, मग गल्लीचा. तेवढ्यात तानाबाईनं बदाम घातलेल्या दुधाची बादली आणली आणि विषय संपला.

दुसऱ्या डावात तेच झालं, फक्त दुधामुळं जरा सावकाश झालं. पंचांची शिट्टी हलगीत ऐकू येत नव्हती. शेवटी पुण्याचा संघ गुणांनी इतका पुढं गेला, की पाटीवर जागा उरली नाही. पण पाटी बघतंय कोण? लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पुण्याचा एकूण एक गडी अस्मान बघून आला होता. माळ नुसता गर्जत होता.

आण्णाशेठनी फेटा सावरला आणि चांदीची गदा शिवमूर्ती वस्तादाच्या खांद्यावर ठेवली. पुण्याच्या कप्तानाला नारळ दिला. तो बिचारा दुखरी पाठ चोळत, जिंकलं कोण ते शेवटपर्यंत विचारत होता.

सोमेशचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली, अप्पा बोलणार! तो गॉगल पुसून पुढं गेला.

"झकास," शेठ म्हणाले. "वस्ताद, गुंडू, तानाबाई, सगळी आजपासनं पर्मनंट. पण कोच, एक सांगा. मी सगळा वेळ बघत हुतो. वस्ताद वराडत हुता, गुंडू पाय वढत हुता, तानाबाई दूध देत हुती. तुमी काय करत हुता?"

सोमेश म्हणाला, "मी... ही सगळी माणसं नेमली, शेठ."

शेठनी कौतुकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "लई चांगली नेमलीसा. आता झाली की नेमून."

रात्री विद्याश्रीनं दार उघडलं. मामाचा निरोप तिच्याकडं आधीच पोचला होता. "वस्ताद मामांनी शेठना गळ घातलीया. तुमाला त्यांच्या हाताखाली घेत्यात," ती म्हणाली. "फकस्त एक अट हाय म्हणं."

"कसली?"

"पोरास्नी खेळाचं कायबी शिकवायचं न्हाय."