शिफारसपात्र क्रमांक सदतीस

अण्णा नगरच्या तंजावरी मराठी स्नेहमंडळाच्या ग्रंथालयात एक पुस्तक वाचलं जात असल्याची बाब कार्यकारिणीच्या निदर्शनास आली, तेव्हा मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाला दोन महिने उरले होते. वाचणाऱ्या होत्या कामाक्षीबाई, वय एकोणसत्तर, गिंडीच्या एका शाळेत एकतीस वर्षं हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. हिंदीच्या पुण्याईनं त्यांना देवनागरी येत होती. बाकीच्या तीनशे बारा सभासदांना मराठी बोलता येत होतं, मराठीत भांडता येत होतं, वाचता तेवढं येत नव्हतं. मंडळाचे ठराव इंग्रजीत होत, चर्चा तमिळमध्ये, आणि मराठीचा अभिमान मात्र शुद्ध मराठीत बाळगला जाई.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एक पान रिकामं राहत होतं. तिथे ‘अवश्य वाचावीत अशी पुस्तकं’ छापावीत, असं अध्यक्ष बालाजीराव यांनी सुचवलं. सुष्मिता नावाच्या तरुण सभासद मुलीनं मोबाइलमध्ये पाहून पाच विभाग सांगितले: प्रवास, इतिहास, आठवणी, मनःस्वास्थ्य आणि साहस. कथा-कादंबऱ्या एकमतानं वगळल्या. खोटं लिहिलेल्याची शिफारस मंडळानं कोणत्या तोंडानं करायची?

कामाक्षीबाई भोळेपणानं म्हणाल्या, “मी इथली चाळीसेक वाचली आहेत. सांगू का?”

बालाजीरावांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “अक्का, तुम्ही वाचलांत म्हणजे तुमचं मत झालेलं अहे. मत झालेल्या माणसानं शिफारस केली तर तो पक्षपात. आम्हांला मोकळ्या मनाची माणसं हवींत.”

तेव्हा ज्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नाही अशा तिघांची उपसमिती नेमायचं ठरलं. ही पात्रता इतक्या जणांकडे निघाली की शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

उपसमितीनं एका दुपारी, बज्जी आणि कॉफी येईपर्यंतच्या वेळात, काम उरकलं. ज्या पुस्तकाला वाळवी लागली होती ते इतिहासात गेलं. ज्याच्या आत कुणीतरी सही केली होती ते आठवणींत. मुखपृष्ठावर डोळे मिटलेल्या गृहस्थांचं चित्र होतं ते मनःस्वास्थ्यात घातलं. ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरचं होतं, पण शस्त्रक्रियेनंतर मन स्वस्थ होतच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. साहस म्हणून विहिरीत पंप बसवण्याचं पुस्तक निवडलं गेलं. प्रवासाला डोंगराचं चित्र हवं होतं, आणि तसं एक पुस्तक समोरच टेबलावर उघडं पडलं होतं. कामाक्षीबाई हात धुवायला गेल्या होत्या.

नावं छापली तर लेखकांची फुकट जाहिरात होते, म्हणून यादीत फक्त ग्रंथालयाचे दाखल क्रमांक घातले. प्रवासाचा क्रमांक होता सदतीस. शिफारस झालेली पुस्तकं प्रमुख पाहुण्यांना कोरी दिसावीत म्हणून काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

कामाक्षीबाई परत आल्या तर टेबल रिकामं. त्या एकशे बाराव्या पानावर होत्या. पुस्तकातला माणूस हिमालयातल्या एका खिंडीत अडकला होता, त्याचं खेचर घसरलं होतं, आणि तो एका हातानं दोर धरून लोंबकळत होता. बाईंनी आयुष्यभर घर ते गिंडी आणि गिंडी ते घर एवढाच प्रवास केला. यजमानांनी चार वेळा बद्रीनाथला नेतो म्हटलं, पाचव्यांदा म्हणायला ते राहिले नाहीत. आता गुडघे मेट्रोचा जिना चढू देत नव्हते. एकशे बारा पानं बाई त्या माणसामागून बर्फातून चालत गेल्या होत्या, आणि आज त्याला तसाच लोंबकळत ठेवून घरी जायचं होतं. बसथांब्यावर त्यांना चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर अर्ज केला. ‘वाचण्याचं कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘पुढे काय झालं ते कळावं म्हणून’. सचिव राजगोपाल यांनी अर्ज नामंजूर केला. मंजूर कारणांत संशोधन, परीक्षा आणि वेळ घालवणं एवढीच होती, आणि नामंजूर झालेला अर्ज पुन्हा करता येत नव्हता.

“मग ते यादीतून काढा,” बाई म्हणाल्या.

“काढतां येतं, अक्का. पुस्तक वाईट अहे असा लेखी अभिप्राय द्या. पण पुरं वाचल्याशिवाय वाईट म्हणतां येत नाहीं.”

“आणि यादीतून काढल्याशिवाय वाचता येत नाही.”

“आमा, बरोबर,” राजगोपालांनी आधी तमिळमध्ये आणि मग मराठीत होकार दिला. नियम समजून घेणारा सभासद भेटल्याचं त्यांना समाधान वाटलं.

“चांगलं म्हणायला पुरं वाचावं लागतं का?”

“छे, त्याला तशी अट नाहीं.”

एकतीस वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांचे कान धरलेल्या कामाक्षीबाईंनी त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं लिहिलं: ‘पूर्ण वाचलं. वाईट आहे.’ पडताळून पाहायचं तर कुणाला तरी वाचावं लागलं असतं, म्हणून अभिप्राय जसाच्या तसा ग्राह्य धरला गेला. क्रमांक सदतीस यादीतून बाद झाला. सुष्मितानं मंडळाच्या ग्रुपवर सूचना टाकली की हे पुस्तक कुणीही वाचू नये.

गेल्या नऊ वर्षांत ग्रंथालयाच्या, पुस्तक घरी नेण्याच्या वहीत सहा नोंदी झाल्या होत्या. त्या दोन दिवसांत एक्केचाळीस झाल्या. एन्नोरहून वेंकोबा नावाचे निवृत्त इंजिनिअर दोन बस बदलून आले आणि नंबर लावून गेले. प्रत्येकाला पंधरा दिवस, आणि तिसऱ्या दिवशी पोचलेल्या कामाक्षीबाईंचा नंबर बेचाळिसावा. म्हणजे वीस महिने आणि वर पंधरा दिवस. तोवर दोर धरलेल्याचा हात टिकणार नाही, आपलाही भरवसा नाही, असा हिशोब त्यांनी मनाशी केला.

पहिला नंबर अर्थातच अध्यक्षांचा. चौथ्या दिवशी बालाजीराव पुस्तक काखेत मारून बाईंच्या दारात उभे.

“अक्का, चारदां उलटून पाहिलं. वाईट कोठें अहे तें सांपडत नाहीं. रविवारीं सगळे येतात, तुम्ही तेवढं वाईट वाईट वाचून दाखवा.”

“एकशे तेरापासून आहे,” कामाक्षीबाई म्हणाल्या. एकदा खोटं बोलायला लागलं की जीभ सैल होते.

रविवारी त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला आणि एकशे तेरावं पान उघडलं. पानांमागून पानं गेली. दोर तुटायला आला. खालच्या गावातले लोक कमरेला घोंगड्या बांधून वर चढले आणि त्यांनी माणसाला ओढून घेतलं. बाईंनी पान उलटलं. वेंकोबांनी हळूच विचारलं, “आणि खेचर?” खेचरही वाचलं. बाईंनी शेवटचं पान मिटलं तेव्हा बालाजीराव उपरण्यानं डोळे पुसत होते.

“फार चांगलं अहे,” ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. “म्हणजे तुमचा अभिप्राय खोटा.”

सोमवारी पुस्तक पुन्हा यादीत आणि काचेत गेलं. खोटा अभिप्राय देऊन सभासदांना वाचनास प्रवृत्त केल्याबद्दल कामाक्षीबाईंना नोटीस निघाली. सदस्यत्व एक वर्ष स्थगित. बाईंनी ती घडी करून ठेवली. माणूस सुखरूप उतरला होता, त्यांचं काम झालं होतं.

नोटिशीत ‘पुस्तकाचं नाव’ असा रकाना होता. राजगोपालांनी तिथे ‘सदतीस’ लिहिलं. स्मरणिका छापली गेली, यादी चौदाशे लोकांनी पुढे पाठवली, चौदाशेंनी अंगठा दाखवून पसंती कळवली. एवढ्यांत एकानंही त्या पुस्तकाचं नाव विचारलं नाही. कामाक्षीबाईंनी आनंदानं सांगितलं असतं. तुम्हालाही सांगितलं असतं. पण तुम्हीही इथवर आलात, त्या मंडळाला मनसोक्त हसलात, आणि विचारलं नाहीत.