कालच लागलं, साहेब

माझ्या लग्नात डॉ. डोमाजी रामटेके स्टेजवर आले, आहेराचं पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि नवरीला नमस्कार करायच्या ऐवजी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली. फोटोग्राफरला नेमका तोच क्षण सापडला. "रक्त कमी आहे," एवढं बोलून सर जेवायला निघून गेले. हा माणूस कोण, म्हणून सासरच्यांनी मला पुढे कितीतरी दिवस छळलं. तो फोटो अजून अल्बमात आहे आणि माझी बायको त्या पानावर कधी थांबत नाही. रक्त मात्र तपासल्यावर खरंच कमी निघालं.

तर हे आमचे सर. ऐंशीच्या दशकात चंद्रपूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात ते डोळ्यांचे डॉक्टर होते, आणि आम्ही चार-पाच पोरसवदा डॉक्टर त्यांच्या हाताखाली डोळ्यांचं काम शिकायला नेमलेलो होतो. सरांना माणसं चेहऱ्यानं ओळखू यायची नाहीत. पोस्टमन त्यांच्या लेखी 'उजवा मोतीबिंदू' होता आणि तहसीलदारसाहेब 'तिरळा, थोडासा'. ही नावं ते मनात ठेवत नसत, ही खरी अडचण होती. तहसीलदारसाहेबांच्या तोंडावर त्यांनी ते म्हटलं तेव्हा आमच्या दवाखान्याला मिळायची नवी खोली हातची गेली.

शिकवायला मात्र त्यांच्यासारखा माणूस मी नंतर पाहिला नाही. टाके घालायचा सराव आम्ही बकऱ्याच्या डोळ्यांवर करायचो. ते डोळे आणायला सर दुसऱ्या कोणाला पाठवत नसत. रविवारी सकाळी स्वतः खाटकाकडे जाऊन, निवडून, स्टीलच्या डब्यात भरून आणायचे. एकदा मूल गावाहून येताना एसटीत डब्याचं झाकण उघडलं आणि डोळे सगळ्या गाडीभर घरंगळले. बायाबापड्या पाय वर घेऊन ओरडत होत्या, कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली आणि सर गुडघ्यांवर बसून सिटांखाली हात घालत सगळ्यांना बजावत होते, की कोणी पाय देऊ नका, माझे विद्यार्थी उपाशी राहतील. त्या वाक्यानं गाडीतल्या लोकांचा काय समज झाला असेल, त्याचा अंदाज आपला आपण करावा.

सर एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर स्वयंपाकघरात जागा नाही म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, फळीवर, खिडकीत, सगळीकडे काचेच्या झाकलेल्या बशा होत्या आणि प्रत्येक बशीत उकडलेल्या बटाट्याच्या कापावर बुरशी वाढत असायची. काळी, हिरवी, कापसासारखी पांढरी. रुग्णाच्या बुबुळावरची जखम हलकेच खरवडून ते त्या बटाट्यावर लावायचे. दवाखान्यात प्रयोगशाळा म्हणावी असं काही नव्हतं, म्हणून प्रयोगशाळा घरी. त्यांच्याकडचा चहा आम्ही कपात वाकून नीट पाहिल्याशिवाय पीत नसू.

हे सगळं धानाच्या कुसळापायी होतं. मूल, सावली या गावांभोवतीचा सगळा धानाचा, म्हणजे भाताचा, मुलूख. कापणी झाली, धान चुरायला, म्हणजे मळायला घेतलं, की कुसळ उडतं आणि डोळ्यात जातं. कुसळाबरोबर बुरशी जाते. बुबुळावर आधी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो, मग तो पसरतो, मग पू धरतो आणि डोळा जातो. दिवाळी उलटली की आमचा वॉर्ड एका डोळ्यावर हात धरून बसलेल्या माणसांनी भरायचा. त्यातले फार थोडे बरे होऊन जायचे. बुरशीवर चालणारं डोळ्याचं औषध तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हतं. सर पोटात घ्यायच्या गोळ्या खलात कुटून, गाळून स्वतः थेंब करायचे आणि तासातासानं स्वतः घालायचे. तरी डोळे जायचेच. आम्ही पोरं हसायचो-खिदळायचो खरे, पण त्या महिन्यांत वॉर्डात जायला आमचे पाय उचलायचे नाहीत.

आणि त्या महिन्यांत सर रागवायचे. कसे रागवायचे हे सांगायला हवं. कुसळ लागलं की इकडे लोक दवाखान्यात येत नसत. गावात एखादी जाणती बाई असे, ती पापणी उलटून जिभेच्या टोकानं कुसळ काढून देई. सरांना जीभ हा शब्द जरी ऐकू आला तरी ते उभे राहायचे. "जीभ लावली? आता तुह्या डोळ्याले भाजी-भाकरही खाऊ घाल," इथून सुरुवात व्हायची आणि बाहेरच्या निंबाखाली बसलेल्यांनाही सगळं ऐकू जायचं. एका म्हाताऱ्याला तर त्यांनी विचारलं होतं, की डोळा गेल्यावर ती खोबण तू भाड्यानं देणार आहेस काय. आम्ही रजिस्टरात तोंड घालून हसायचो. म्हातारा हसला नव्हता.

यातूनच सरांचं संशोधन उभं राहिलं होतं. प्रत्येक रुग्णाला ते पहिला प्रश्न विचारायचे, कधी लागलं? आणि प्रत्येक रुग्ण सांगायचा, "कालच लागलं, साहेब." डोळा पाहावा तर अर्धं बुबुळ खाल्लेलं. सर चक्रावून जायचे. शेवटी त्यांनी सिद्धान्त मांडला, की आपल्या झाडीपट्टीतली बुरशी जगातल्या बुरशीपेक्षा वेगळी आहे, ती एका रात्रीत डोळा खाते, औषधाला वेळच देत नाही. त्यासाठी त्या बशा, ते बटाटे. पण गंमत अशी, की बशीतली बुरशी पुस्तकात लिहिल्यासारखी आरामात वाढायची. सर म्हणायचे, बटाट्यावर तिला मजा येत नसेल. नागपूरच्या एका परिषदेत त्यांनी हे सगळं वाचून दाखवलं. मोठ्या डॉक्टरांनी माना डोलावल्या, एकानं तर पाठ थोपटली. सर परत आले ते आठ दिवस शीळ घालत होते.

त्यांच्या व्याख्यानात एक दुश्मन होती. "सावलीकडची एक म्हातारी," असं ते म्हणायचे, नाव घेत नसत. पंचक्रोशीतले सगळे डोळे तिच्याच जिभेखालून जातात, असं त्यांचं म्हणणं. एका वर्षी कापणीच्या आधी आम्ही तिच्याच गावात शिबिर घेतलं. सर शाळेच्या ओसरीवर बसले आणि मला म्हणाले, जा, त्या बाईला बोलावून आण. मी विचारत विचारत बौद्ध वस्तीत एका कौलारू घरी पोचलो. एका डोळ्याची, चुणचुणीत म्हातारी बाहेर आली. दुसरा डोळा लहानपणी देवीत गेलेला. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली काळा गाऊन घातलेल्या आमच्या सरांचा फोटो. मी त्या फोटोकडे बघतच राहिलो. म्हातारी म्हणाली, "पोरगा हाय माहा. स्वतः काऊन नाई आला? पाय मोडले काय त्याचे?"

ओसरीवर मायलेकरांचं जे भांडण झालं ते पाहायला सगळा गाव जमला. सरांच्या आईचं, भागाबाईंचं म्हणणं, मी मिठाच्या पाण्यानं तोंड धुतो (इकडे बायका 'धुते' म्हणत नाहीत), मग काढतो; तू लहान असताना तुह्या डोळ्यातलं कुसळ मीच काढलं, त्याच डोळ्यानं डॉक्टर झालास. सरांचं म्हणणं, तो नशिबाचा भाग. भागाबाईंनी विचारलं, चुरण्याच्या दिवसात रानातून तुझ्या दवाखान्यात यायचं म्हणजे मजुरी बुडते, ते तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत काय? लोक हसले. आम्हीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांचा आवाज चढत गेला आणि सगळ्या गावासमोर ते म्हणाले, "आता कोणाच्या डोळ्याले जीभ लागली ना, तं मले तोंड दाखवू नको, माय."

भागाबाई पदर सारखा करून घरी गेल्या. परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. तुमच्या आई फार हुशार आहेत, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, म्हणून तर लोक तिचं ऐकतात.

त्याच हंगामात, चुरणं भर जोरात असताना, एका दुपारी सर आम्हाला एक बुबुळ दाखवत होते आणि दारात भागाबाई उभ्या राहिल्या. शेजारच्या सखूबाईनं त्यांचा हात धरला होता. उरलेल्या एकुलत्या डोळ्यावर पदर होता. सरांनी त्यांना बाकावर बसवलं, पदर बाजूला केला आणि बॅटरी लावली. मी मागून पाहिलं. बुबुळ सगळं पांढरं झालं होतं आणि खाली पू साचला होता.

"कधी लागलं?" सरांनी विचारलं.

"कालच लागलं," भागाबाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. त्यांनी ते खरं मानलं, ही मला आजही सांगायला जड जाणारी गोष्ट आहे. ते आमच्याकडे वळून सांगायलाही लागले, की बघा, एका रात्रीत. तेवढ्यात सखूबाई रडायला लागली. "काल कुठचं, भाऊ. दोन हप्ते झाले, दोन बजार होऊन गेले. मीच काढलं कुसळ जिभेनं, तिनं सांगतलं म्हणून. दवाखान्यात चाल म्हटलं तं येतच नव्हती."

सरांच्या हातातली बॅटरी तशीच जळत राहिली. त्यांनी अगदी हळू विचारलं, मला खोटं का सांगितलंस.

"तू रागावते ना, बापा," भागाबाई म्हणाल्या. "सबन लोक भेतेत तुले. ज्याचा डोळा मह्यानं सुधरत नाई त्याले मीच तर धाडतो तुह्याकडं. जायले तयार नसते कोणी. मंग मी सांगतो, कालच लागलं असं म्हणजो, साहेब कमी रागावते."

वॉर्डात बाकांवरची माणसं खाली बघत होती आणि त्यांच्या खाली बघण्यातच सगळं कळत होतं. एक-एक डोळा आठवड्या-दोन आठवड्यांचा होता. आमची बुरशी जगातल्या बुरशीसारखीच होती. औषधाला भरपूर वेळ मिळाला असता. तो वेळ बुरशीनं खाल्ला नव्हता, तो आमच्या सरांच्या आवाजानं खाल्ला होता. हे मला समजायला थोडा वेळ लागला. सरांना लगेच समजलं. ते जमिनीवर आईच्या पायाशी बसले आणि तिचे गुडघे धरून ठेवले. रडले वगैरे नाहीत. नुसते धरून ठेवले.

सरांनी सगळं केलं. थेंब स्वतः घातले, झोपले नाहीत, जेवले की नाही कोण जाणे. डोळा राहिला नाही. काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुरी माझ्या हातात दिली आणि स्वतः आईच्या डोक्याशी उभे राहून तिच्याशी शेतातल्या धानाबद्दल बोलत राहिले.

पुढच्या हंगामाच्या आत त्यांनी नागपूरला जाऊन, त्याच मोठ्या डॉक्टरांसमोर, आपला सिद्धान्त खोटा होता आणि का खोटा होता ते उभं राहून सांगितलं. मी सोबत होतो. पाठ कोणी थोपटली नाही. स्वयंपाकघरातल्या बशा गेल्या आणि तिथे भागाबाईंची खाट आली.

मग कापणी झाली आणि वॉर्ड पुन्हा भरायला लागला. भागाबाई रोज सकाळी लेकाचा हात धरून यायच्या आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायच्या. आलेल्या माणसाला त्या शेजारी बसवायच्या, गाव विचारायच्या, धान किती झालं विचारायच्या, त्याचा हात हातात घ्यायच्या आणि मग कधी लागलं ते विचारायच्या. त्यांना कोणी कालच म्हणत नसे. आंधळ्या बाईला खोटं सांगायला जीभ वळत नसावी. मग त्या आत आवाज द्यायच्या, "डोमा, याले एक बजार झाला. रागावू नको." आतून उत्तर यायचं, "नाई, माय."

एकदा त्यांनी असंच एका पोरसवदा मजुराला आत पाठवलं. दोन आठवडे उशीर झालेला, डोळा हातचा गेलेला. आतून सरांचं नेहमीचं उत्तर आलं नाही. भागाबाई अस्वस्थ झाल्या, चाचपडत त्यांनी माझी बाही धरली आणि विचारलं, "पाह्य ना, बापू. रागावला काय तो? मले आवाज येते फक्त, तोंड नाई दिसत त्याचं."

मी दारातून आत पाहिलं. सरांनी त्या पोराची पापणी अंगठ्यानं उचलून धरली होती आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं. दुसऱ्या हातात बॅटरी होती, पुसायला हात मोकळा नव्हता. पोरगं घाबरून त्यांच्याकडे बघत होतं.

नाही रागावले, मी भागाबाईंना सांगितलं. त्यांनी माझी बाही सोडली नाही. पुन्हा एकदा नीट पाहून सांग म्हणाल्या.