गुलाबभाऊंची पंक्चर सायकल

अगं ये इकडे, बस जवळ. अन् हे काय ऐकते मी? आईसाठी काठी आणलीस, पण आधी तिला विचारलं नाहीस? म्हणूनच ती काठी दाराआड उभी आहे. आमच्या सिंदीच्या गुलाबभाऊंनी तुला चांगलं झापलं असतं.

गुलाबभाऊ म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरचे सायकलवाले. गावाच्या सायकली दुरुस्त करतील, पण स्वतःची कायम हातात धरून चालत नेतील. "बसत काऊन नाई भाऊ?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "पंक्चर हाय."

आता सायकली कमी झाल्या, तर ते म्हाताऱ्यांच्या काठ्या अन् वॉकर बनवतात. उंची नंतर मोजतात. आधी विचारणार, "जाचं कुठं हाय, थे सांगा."

शेजारचे नामदेवराव काठीचं नाव काढलं की चिडायचे. त्यांना जायचं होतं शेताच्या बांधावर. भाऊंनी काठी केली ती थेट बैल हाकायच्या पराणीसारखी, फक्त खाली रबर. बैल कधीच विकले, पण नामदेवराव निघतात ऐटीत. वाटेत कोणी विचारतंच,

"बैल कुठं हाय जी?"

"पुढं गेले!"

माझा गुडघा बिघडला, तशी मीही अडून बसले. "वॉकर धरला का माणूस बिमार दिसते."

"जाचं कुठं हाय?"

"कुसुमकडे. गप्पा माराले."

भाऊंनी वॉकरला टोपली लावली अन् सायकलची घंटी. "गल्लीच्या तोंडाशी वाजवा. कुसुमबाई चहा ठेवतीन." आता मी निघाले की लोक सायकल समजून बाजूला होतात. मजा येते बाई!

मग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भाऊ दुकानासमोर सायकलीसकट पडले. लोकांनी उठवून बसवलं. मी घंटी वाजवत पोचले. सायकल उभी करताना पाहते, तर दोन्ही चाकं हवेनं टणक.

"पंक्चर कुठं हाय भाऊ?"

ते खाली पाहत म्हणाले, "गुडघ्यात."

"मंग सोताले काठी काऊन नाई केली?"

"केली असती. पण मले जाचं कुठं हाय?"

वहिनी गेल्यापासून घर अन् दुकान, एवढंच त्यांचं जग. मला भरून आलं, म्हणून मी जोरात रागावले. "माह्या घरी! रोज चार वाजता. चहा थंडा झाला तर मले बोलाचं नाई."

ऐक, कोपऱ्यावर वाजली बघ घंटी. त्यांच्या नव्या काठीची आहे. आधण ठेवते मी.

अन् तू रविवारी आईला घेऊन येजो. ती काठी राहू दे घरीच. तुझा हात धरून येईल ती.