हुग्गीच्या पातेल्यावरची तबकडी

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उदगीरचे निवृत्त पोस्टमास्तर पंचाक्षरी यांना आढळलं, की स्वयंपाकघरातल्या मांडणीत वाळत ठेवलेल्या चार ग्रामोफोन तबकड्यांपैकी एक जागेवर नाही. उरलेल्या तीन ताटांच्या खणात, स्टीलच्या ताटांच्या ओळीत, ताटांसारख्याच उभ्या होत्या. चौथी खाच रिकामी होती.

पंचाक्षरींकडे चारशेबारा तबकड्या होत्या आणि दर रविवारी त्यातल्या चार ते कोमट पाण्यानं धूत. एकमेकींना न चिकटता उभ्या वाळतील अशी घरात एकच जागा होती, ती म्हणजे ताटांचा खण. याला त्यांच्या पत्नी शरणम्मा यांचा सहा वर्षं विरोध होता.

नाहीशी झालेली तबकडी वडिलांची होती. वडिलांनी घेतलेली नव्हे. तिच्यात वडील होते. मलप्पांनी पंचावन्न वर्षांपूर्वी मठात गायलेली वचनं, म्हणजे कन्नड भक्तिपदं, भक्तांनी हैदराबादेत तबकडीवर उतरवून घेतली होती. पन्नास प्रती निघाल्या. एकोणपन्नास लोकांनी हरवल्या, फोडल्या किंवा नातवंडांना खेळायला दिल्या. मलप्पांचा आवाज आता या एका तबकडीखेरीज जगात कुठेही नव्हता. संध्याकाळी पाच वाजता लातूरहून वीरभद्र नावाचे संग्राहक तो संगणकावर उतरवून घ्यायला येणार होते. म्हणून तर ती धुतली होती.

"अगं, रेकॉर्ड कुठाय?"

"मला काय इचारून राहिलात?" शरणम्मा म्हणाल्या. "तुमच्या रेकॉर्डांत माझं ताट सापडंना, तवा मी तुमाला इचारते का?"

मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या गुणाबाईंनी मान वर केली.

"मास्तर, काळं झाकण व्हय? ते हुग्गीवर घातलं की म्या."

"हुग्गीवर?"

"शेजारी बेगमबीकडं द्यायचं पातेलं हुतं. त्याचं झाकण घावंना. ह्ये बराबर बसलं."

"गुणाबाई, त्याला मधोमध भोक हाय!"

"आसतंयच की झाकणाला. वाफ जायाला."

"अन् मधला कागद? त्याच्यावर माझ्या वडलांचं नाव हाय!"

"मला वाटलं दुकानातला हाय. लई घासला तारेनं. लई चिवट. निघंना, मंग सोडला."

पंचाक्षरी स्टुलावर बसले. हुग्गी म्हणजे गव्हाची, गूळ घालून आटवलेली खीर. ती निवायला दोन तास लागतात, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तबकडी मऊ पडायला दोन मिनिटंही लागत नाहीत, हे त्यांनी घरात वेळोवेळी सांगितलं होतं.

"गुणाबाई, हुग्गी कितपत गरम हुती?"

"रटरटत हुती की. थंडी हुग्गी द्यायची का लोकाला?"

अकरा वीसला ते शेजारच्या दारात उभे होते. बेगमबींनी हसून स्वागत केलं.

"हुग्गी लई भारी झाली मास्तरभाई. भाभीला सांगा."

"पातेलं द्या. रिकामं असलं तरी चालंल."

बेगमबींचं हसू गेलं. "खाली पातेलं? तीस सालात तुमच्या घरनं भरलेलं आलं, आमच्या घरनं भरलेलं गेलं. आज खाली कामून देऊ? काय चुकलं आमचं?"

"काही चुकलं न्हाई. पातेलं द्या."

"न्हाई इथं. नाझनीन सासरी गेली ना साडेदहाच्या नांदेड गाडीनं. पोरीला खाली हात पाठवू का? डाळीचा हलवा तयार होता, तुमचं पातेलं समोर होतं. झाकण घट्ट बसत होतं, फडक्यात बांधून दिलं मुदखेडला."

"आमचं पातेलं मुदखेडला?"

"भाभीचे दोन डबे आधीपासून हायत तिथं. तुमाला आज कळलं व्हय?"

आतून बेगमबींचे पती मकसूद अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. पंख्यांपासून मिक्सरपर्यंत काहीही दुरुस्त करणारे मकसूद पंचाक्षरींच्या रेकॉर्ड प्लेअरचा पट्टाही दर वर्षी बदलून देत.

"झाकण कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"काळं. गोल. बारीक बारीक रेघा असलेलं."

"मधी भोक?"

"हाव."

"बेगम! ती रिकॉर्ड होती! मलप्पा चाचांची!"

"मला काय माहीत?" बेगमबी उसळल्या. "आजकाल सगळे भांडे काळेच निघून राहिलेत. नॉनस्टिक! मला वाटलं भाभीनं नवं घेतलं. अन् रिकॉर्ड असली तर हुग्गीवर काय करत होती? ते इचारा ना आधी!"

पंचाक्षरींनी नाझनीनला फोन लावायला सांगितला. गाडी वाटेवरच्या मुखेडच्या अलीकडे होती. नाझनीनचा आवाज खडखडाटातून आला.

"चाचा, बांधलेलं हाय. चार गाठी. अम्मीनं सांगितलंय, सासरी पोचूस्तोवर सोडायचं न्हाई."

"सोड बाई! आत्ता सोड! हलवा टाकून दे, पण झाकण काढ!"

दारातल्या बेगमबी उखडल्या.

"टाकून दे? माझा हलवा? दोन तास परतला मी, हाताला घट्टे पडले. यष्टीत टाकून दे म्हणता?"

"बेगमबी, हलवा उद्या पुन्हा होईल. माझे वडील पुन्हा होणार न्हाईत!"

"तर मग वडलांना नीट ठेवायचं होतं!" असं म्हणून बेगमबी आत गेल्या आणि दार आपटलं. मकसूद आणि त्यांचा साबण बाहेरच राहिले.

"चाचा, सोडलं," फोनवरून नाझनीन म्हणाली. "झाकण जरा झुकलंय. मधनं खाली बसलंय."

"उचल," मकसूद ओरडले. "ओढणीत गुंडाळ अन् मांडीवर आडवी ठेव. उन्हात ठेवू नको."

"अब्बा, मी उन्हाच्याच खिडकीला बसलेय. गाडीत एवढीच जागा मिळाली."

पंचाक्षरींनी मग मार्ग काढला. नांदेडच्या स्थानकावर उदगीरकडे परतणाऱ्या एखाद्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती तबकडी द्यायची. 'ड्रायव्हरच्या हाती काही पाठवू नका, पोस्टानं पाठवा' असं त्यांनी चौतीस वर्षं खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. नाझनीननं वेगळ्याच कारणानं नकार दिला.

"मग हलव्यावर काय झाकू? उघडं पातेलं घेऊन सासरी जाऊ? तिथं माझी काय इज्जत राहील?"

"पेपर झाक!"

"सासूच्या हलव्यावर पेपर? चाचा, तुमी पेन्शन घेऊन राहिलात, मला संसार करायचाय."

फोन बंद झाला. दुपारभर तो लागला नाही. त्या वेळात पंचाक्षरींनी गुणाबाईंना तीनदा, शरणम्मांना पाचदा आणि मकसूदना एकदा जबाबदार धरलं. मकसूद म्हणाले, "मास्तर, मी तर दाढी करत होतो." गुणाबाई म्हणाल्या, "ताटाच्या जागी ठिवलं तर ताटच समजंल की मानूस. उद्या चपला ठिवाल, म्या त्याबी घाशीन."

चार वाजून पाच मिनिटांनी मुदखेडहून व्हिडिओ कॉल आला. आधी नाझनीन दिसली, मग तिनं दोन्ही हातांनी धरलेली तबकडी. ती आता सपाट नव्हती. कडा वर आल्या होत्या आणि मधला भाग परातीसारखा खोल गेला होता. मधल्या कागदावर 'मलप्पा' यातलं 'मल' तेवढं शाबूत होतं. एका बाजूला हलवा लागला होता.

"सुधरंल," मकसूद पंचाक्षरींच्या कानाशी म्हणाले. "दोन काचांत दाबून, कोवळ्या उन्हात. वाजंल का, ते मात्र सुई ठेवल्याबिगर सांगता येत न्हाई."

"नाझनीन, आहे तशी ठेव. मी येतो घ्यायला. रातच्या आत येतो," पंचाक्षरी म्हणाले.

पडद्यावर नाझनीनच्या जागी तिची सासू आली. पांढऱ्या ओढणीतली ही बाई सगळ्या नात्यात मुदखेडच्या अम्मा म्हणून ओळखली जाई.

"हे काय हाय म्हणता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडलांचा आवाज हाय, अम्मा. जगात दुसरीकडं न्हाई."

"बापाचा आवाज?"

"हो."

"अन् तो ताटां-वाट्यांत सुकवता?"

पंचाक्षरींनी खणाची रुंदी, खाचांमधलं अंतर आणि हवेचा झोत यांबद्दल सांगायला सुरुवात केली. अम्मांनी ऐकून घेतलं नाही.

"माझ्या मरहूम मियांनी लिहिलेली एक चिठ्ठी हाय माझ्याजवळ. चाळीस साल झाले. पेटीत हाय. घासणारणीच्या हाताशी न्हाई ठेवली मी. तुम्हाला न्हाई मिळणार हे."

"अहो, माझं आहे ते!"

"पातेल्यावर नाव कोरलंय शरणम्मा. झाकण पातेल्यासंगं आलं. जिचं पातेलं, तिचं झाकण. तिनं स्वतः यावं, माझ्या घरी बसावं, दोन घास खावं. पातेलं भरून देईन, हेबी देईन. तिच्याच हातात."

कॉल संपला. दोघांनीही शरणम्मांकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या.

"उद्याच्या पहिल्या गाडीनं जाऊ," पंचाक्षरी म्हणाले.

"कोण जाऊ?"

"तू अन् मी."

"तुमाला कुठं बोलावलंय?" शरणम्मांनी पाकळी ताटलीत टाकली. "अन् मी जाते म्हणून कधी म्हणले? बघते."

पाच वाजता वीरभद्र यंत्र, वायरी आणि दोन हेडफोन घेऊन लातूरहून आले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी उरलेली हुग्गी मागून खाल्ली आणि साडेपाचला परत गेले. सोमवारी बेगमबींचं दार उघडलं, पण शरणम्मांपुरतं. दोघी बराच वेळ आत बोलत होत्या. काय, ते मकसूदनाही कळलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत हाती आलेली माहिती अशी: तबकडी मुदखेडात, दोन काचांच्या मधे, अम्मांच्या पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. बाक किती गेला, हे अम्मा सांगत नाहीत. उदगीरला शरणम्मांची पिशवी भरून दारात ठेवलेली आहे. पंचाक्षरींनी मुदखेडच्या गाडीची वेळ सांगितली, तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि सांगितलं, "लातूरच्या मुरुडला चालले. बहिणीकडं. चार-सहा दिस राहीन. तवर माझा ताटांचा खण मोकळा करा. मग बघू मुदखेडचं."