बोलणाऱ्या मुलीचा पुरावा

कला व संप्रेषण विभागाचे ‘यशवार्ता’ हे पत्रक दर महिन्याच्या पाच तारखेला निघते आणि त्यात प्रत्येक अध्यापकाचे किमान एक यश असणे बंधनकारक आहे. यश नसल्यास तसे लेखी कारण द्यावे लागते. उच्चार शिकवणाऱ्या बाईंच्या नावापुढे सलग अकरा महिने ‘निरंक’ असा शेरा पडला, तेव्हा विभागप्रमुखांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतले.

“नाट्यशास्त्राच्या सरांचं बघा, बाई,” प्रमुख म्हणाले. “त्यांचा प्रयोग त्यांच्या परदेशातल्या मेव्हण्याने मोबाइलवर पाहिला. झालं की नाही यश आंतरराष्ट्रीय? छायाचित्रणाच्या सरांनी स्वतः स्पर्धा भरवली, स्वतःच परीक्षण केलं, आणि तरी स्वतःला दुसराच क्रमांक दिला. त्या निःपक्षपातीपणाचं यश आम्ही वेगळं नोंदवलं. तुमचं काय?”

“मी शिकवते, सर.”

“ते झालंच हो. पण असं चाललं तर पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद करावा लागेल.”

बाई मनातल्या मनात वर्ग चाळू लागल्या. त्यांना मागच्या बाकावरची मुलगी आठवली. पहिले वर्षभर ती हजेरीला नुसता हात वर करायची, कारण ‘हजर’मधल्या ‘ह’वरच तिची गाडी अडायची. दीड वर्ष बाई रोज तास संपल्यावर तिच्याबरोबर अर्धा तास बसल्या होत्या. परवा तिने अख्खे बातमीपत्र एका दमात वाचले, आणि वाचून झाल्यावर स्वतःच दचकली. बाईंनी हे भीत भीत सांगितले.

“वा! पातळी कोणती? राज्य की राष्ट्र?”

“वर्ग.”

“बरं, तीही चालवून घेऊ. पुरावा?”

“ती बोलते ना, सर. बोलावते, ऐका.”

“बोलतात सगळेच. आधी अडखळत होती, याचा पुरावा?”

तो नव्हता. सबब त्रिसदस्यीय पडताळणी समिती नेमण्यात आली. मुलीने समितीपुढे नाव, वर्ग आणि पत्ता घडाघडा सांगितला. समितीने शेरा मारला : ‘विद्यार्थिनीत कोणताही दोष आढळला नाही, म्हणून सुधारणा झाली असे म्हणता येत नाही.’

छायाचित्रणाच्या सरांना कणव आली. “अगं, कॅमेऱ्यापुरतं थोडं अडखळ की. बाईंचं काम होईल.”

मुलीने मनापासून प्रयत्न केला. “नाही जमत, सर,” ती स्वच्छ शब्दांत म्हणाली.

“त्यात काय एवढं? मी बसवून घेतो,” नाट्यशास्त्राचे सर बाह्या सरसावत म्हणाले.

बाई उसळल्या. “दीड वर्ष घातलंय मी तिच्यावर! मला नको ते यश.”

“यश तुमचं एकटीचं नसतं, बाई. विभागाचं असतं,” प्रमुख समजुतीने म्हणाले. “आणि तुमच्या विषयाचं काय ठरवायचं मग?”

मुलीने बाईंकडे पाहिले. “राहू द्या, बाई. मी करते. तुमचा तास बंद नको व्हायला.”

बाईंनी तिचा हात धरून सरळ बाहेर पडायला हवे होते. पण सबंध विभागाला उच्चार शिकवणाऱ्या त्या बाईंना ऐन वेळी एक शब्द फुटला नाही.

चार दिवस कार्यशाळा चालली. पाचव्या दिवशी मुलगी इतकी अस्सल अडखळली, की कॅमेऱ्यामागे छायाचित्रणाचे सर गहिवरले. ‘पूर्वी’ या शीर्षकाची फीत तयार झाली. आता ‘नंतर’ची घ्यायची होती. मुलीने बातमीपत्राचा कागद धरला, श्वास घेतला, आणि ‘हवामान’ या शब्दाच्या दारातच थांबली. तिला पाणी दिले, खुर्ची दिली, पंखा लावला. हवामान काही कळेना.

‘नंतर’साठी फितीऐवजी छायाचित्र ग्राह्य धरावे, असा ठराव तिथल्या तिथे एकमताने झाला. छायाचित्रात कोणीच अडखळत नाही. त्या महिन्याच्या पत्रकात मुलीचे एक, बाईंचे एक आणि ‘वाचाप्रशिक्षणातील अभिनव प्रयोग’ म्हणून नाट्यशास्त्राच्या सरांचे एक, अशी तीन यशे झळकली. विषय वाचला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाचे दार लावले आणि मुलीसमोर खुर्ची ओढली. “चुकलं गं माझं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू?”

मुलीने मान डोलावली. टेबलावर बाईंचा फोन सारखा थरथरत होता. समाजमाध्यमावर टाकलेल्या पत्रकाखाली चारशे बारा जणांनी अभिनंदन केले होते. मुलगी आता बोलते का, असे त्यांतल्या एकानेही विचारले नव्हते.

सरावाला दुसरे काही हाताशी नव्हते, म्हणून बाईंनी अभिनंदन करणाऱ्यांची तीच यादी तिच्यापुढे धरली. वाचकहो, तुमचेही नाव त्यात मधोमध आहे. एक अंगठा, दोन पुष्पगुच्छ आणि ‘अभिमान वाटतो!’ मुलगी ते वाचायचा प्रयत्न करते आहे. अजून तुमच्या पहिल्या अक्षरावरच आहे.