विदाऊट मफलर

आमच्या कळव्यात थंडी म्हणजे पंखा पाचावरून तीनवर. तरीही डिसेंबर लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये मफलर चेकिंग सुरू होतं. चेकिंग करतात तिसऱ्या मजल्यावरच्या मोरेकाकू.

काकू रेल्वेत टीसी होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. नोकरीत असताना म्हणे त्यांनी सख्ख्या नणंदेला दंड लावलेला. हे त्या स्वतःच सांगतात, आणि नणंद अजून बोलत नाही हेही तितक्याच अभिमानाने सांगतात.

आता त्या मफलर विणतात आणि अख्ख्या बिल्डिंगला फुकट वाटतात. फुकट म्हणून हुरळून जाऊ नका. लोकर अशी की खाजकुयली परवडली. लांबी अशी की दोन वेढे घेऊनही टोक गुडघ्याशी. एकदा मफलर दिला की काकू कधीही बेल वाजवतात आणि हात पुढे करतात. "दाखव." तुमच्या गळ्यात नसेल तर चार घरांना ऐकू जाईल असं ओरडतात, "विदाऊट!"

मफलर जप्त. शिवाय तो तिथेच, आपल्या सोफ्यावर बसून उसवायचा. दंड म्हणून आपण दोन्ही हात पुढे धरायचे, त्यावर त्या लोकर गुंडाळणार, चहा पिणार आणि तासभर बिल्डिंगचे वाभाडे काढणार. "गुप्त्यांची सून बघितलीस? भाजीवाल्याशी इंग्रजी!" मग त्याच लोकरीचा नवा मफलर दुसऱ्या कुणाला. माझ्या मफलरमध्ये गुप्त्यांचा हिरवा आहे आणि सेक्रेटरीचा पिवळा. ज्यांचं तोंड मी लिफ्टमध्येही बघत नाही, ते माझ्या गळ्यात.

"काकू, घाम येतो हो."

"घाम येतो म्हणजे मफलर काम करतोय. कारणं नकोत. कारणं ऐकून ऐकूनच मी म्हातारी झाले."

यंदा जानेवारीत मात्र खरीखुरी थंडी पडली. लोकांनी चक्क पंखे बंद केले. जो तो मफलर गुंडाळून फिरू लागला, वॉचमनने तर डोक्यालाही बांधलेला. मी म्हटलं, चला, सुटलो.

आठवडाभर बेल नाही. मग एका संध्याकाळी काकू आल्या. मी फर्स्ट क्लासचा पास दाखवावा तसा ऐटीत मफलर दाखवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. "हं. बरोबर आहे," म्हणाल्या आणि वळल्या.

आतून माझी बायको, वैशाली, म्हणाली, "काकू, या ना, चहा टाकते."

"नको गं. तुमचं काही निघालं नाही, बसू कशाला?"

"अहो, अशाच बसा की."

काकू दारातच थांबल्या. आवाज एकदम लहान झाला. "असंच मला नाही गं जमत. आयुष्यात कधी कुणाकडे अशीच गेलेच नाही. आठवडाभर फिरतेय, सगळे घालून बसलेत. तिकीट असलेल्याशी टीसी काय बोलणार? पुढे जायचं, झालं."

आणि गेल्या. मला इतकं वाईट वाटलं की हातातला चहा गार झाला तरी प्यायलो नाही. मेली ही थंडी नेमकी यंदाच कशाला पडली!

दुसऱ्या दिवशी गारठा आणखी वाढला. वैशालीने माझ्या गळ्यातला मफलर ओढून काढला, स्वतःचाही काढला, दोन्ही कपाटात कोंबले आणि फोन लावला. "काकू, हे मफलर घालत नाहीत हो. माझं तर ऐकतच नाहीत."

दोन मिनिटांत काकू दारात, पायात चप्पलसुद्धा नाही. माझी उघडी मान बघितली, वैशालीची बघितली, आणि काय चेहरा फुलला!

"विदाऊट! ह्या थंडीत? लाज नाही वाटत?"

"घाम येतो, काकू," मी कुडकुडत म्हटलं.

"कारणं नकोत. आण इकडे दोन्ही. आणि वैशाली, चहात आलं जास्त घाल. आज वेळ लागणार, नवराबायको दोघंही सापडलात."

मी हात पुढे धरून शिंकत बसलो. काकू उसवत होत्या, बोलत होत्या, मधेच खळखळून हसत होत्या. हसताना त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या गेल्यावर मी गोधडी ओढली. वैशाली खालच्या मजल्यावरच्या गुप्त्यांना फोन करत होती.

"ऐका, उद्या काकू तुमच्याकडे येतील. मफलर काढून ठेवा."