टोक धर, डोकं लावू नकोस

दारांचं माप आपणच घ्यायचं असं तिनं जाहीर केलं, तेव्हा घरात कुणीही विरोध केला नाही. खरं तर तिथेच तिला शंका यायला हवी होती. (एरवी दूधवाल्यानं हसून 'काय ताई' म्हटलं तरी येते.)

स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली चार कप्पे होते आणि त्यांना चार दारं होती. होती म्हणजे, नळाची जोडणी गुपचूप सहा महिने ठिबकत होती हे लक्षात येईपर्यंत होती. मग ती फुगली, त्यांचे पापुद्रे सुटले आणि एके दिवशी एक दार बिजागरीसकट तिच्या हातात आलं. स्क्रू गंजून गेले होते. तिनं तासाभरात चारही दारं उतरवून भंगारवाल्याच्या हवाली केली. दारं गेली, कप्पे सताड उघडे पडले, आणि कप्प्यांसमोर चिमटी रांगत होती.

चिमटी म्हणजे तिची तेरा महिन्यांची मुलगी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून हे नाव पडलं, ते पडलं ते पडलंच. कप्पे उघडे पडल्यापासून तिसऱ्या दिवशी चिमटीनं भांडी घासायची तारेची घासणी चाखून पाहिली. पाचव्या दिवशी ती फिनेलच्या बाटलीला मिठी मारून बसलेली सापडली. झाकण घट्ट होतं म्हणून बरं. त्या दिवसापासून ओट्यासमोर चार खुर्च्यांची तटबंदी उभी राहिली, आणि आई खुर्च्यांवरून वाकून भांडी घासू लागली. कंबर गेली तरी चालेल, पण बाटली दिसता कामा नये. दारं लवकरात लवकर हवी होती, आणि घट्ट बसणारी हवी होती.

नवरा तिला 'फौजदार' म्हणत असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मुलगी रांगायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक लोंबत्या, टोकदार, तोंडात जाईल अशा वस्तूवर तिचा वहीम होता, आणि वहीम आला की कात्री आलीच. पडद्यांच्या दोऱ्या गेल्या. नवऱ्याच्या बुटांच्या नाड्यांची टोकं गेली. (तो आता नाडी ओवताना रोज दहा मिनिटं सुई ओवल्यासारखा एक डोळा मिटून बसतो.) सासूबाईंच्या पर्सच्या चेनला लोंबणारा गोंडा गेला, त्यावर सासूबाई फक्त "बरं केलंस" एवढंच म्हणाल्या. ते 'बरं' तिला आठवडाभर टोचत राहिलं.

तर माप. समोरच्या काकूंनी तिला सावध केलं होतं. "सुताराला माप घेऊ देऊ नकोस गं. टेप त्याची, तोंडही त्याचंच. तो म्हणेल ते माप." काकूंच्या स्वतःच्या कपाटाचं दार गेली चार वर्षं कागदाची घडी घालून बंद होतं, तेव्हा हा अनुभवाचा बोल होता.

सुतार आला तो कानामागे पेन्सिल अडकवून, चप्पल दाराबाहेर नीट जोडीनं काढून. चहा नको म्हणाला. तिला पहिला संशय आला. चहा नको म्हणणारा माणूस एक तर पथ्यावर असतो किंवा आतल्या गाठीचा.

"माप मी घेऊन देईन, दादा," ती म्हणाली. "तुम्ही फक्त तेवढी दारं करा."

"बरं, ताई."

न भांडता 'बरं' म्हणाला. दुसरा संशय.

"चहूबाजूंनी एकेक सूत सोडतो मग. दार घासायला नको."

"सूत? कसलं सूत?"

"इंचाचे आठ सूत, ताई. एक सूत म्हणजे हे एवढंसं." त्यानं नखाच्या कडेनं दाखवलं.

एका दाराच्या चार बाजू, दारं चार. सोळा सूत म्हणजे दोन इंच लाकूड हा माणूस गोड बोलून खिशात घालणार, असा हिशेब तिनं जागच्या जागी केला. (गणितात ती पहिल्यापासून हुशार. दोन इंच लाकूड खिशात घालून माणूस करणार काय, हा प्रश्न गणिताचा नव्हता.)

"काही सोडायचं नाही," ती म्हणाली. "कागदावर असेल तेवढंच. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही."

"बरं, ताई," सुतार म्हणाला.

त्या संध्याकाळी तिनं सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली पिवळी टेप काढली. या टेपवर तिचा विश्वास होता. जगात विश्वास ठेवण्याजोग्या ज्या दोन-तीन गोष्टी उरल्या होत्या त्यांत ही टेप होती, आणि त्याला कारण होतं. चिमटी उंचीला कमी होती. डॉक्टर "ठीक आहे" म्हणत, पण 'ठीक' आणि 'आहे' यांच्या मध्ये ते श्वास घेत, आणि त्या श्वासावर ती रात्र रात्र विचार करी. त्यात सासूबाई सहज बोलावं तसं बोलून जात, "आमच्याकडे सगळी ताडमाड. ही कुणावर गेली कोण जाणे." दर महिन्याच्या एक तारखेला ती चिमटीला पलंगावर आडवं करून याच टेपनं मापायची आणि वहीत लिहायची. कधी दोन सूत वाढ, कधी तीन. (सूत हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, पण काळजी तेवढीच बारीक होती.) आणि या महिन्यात चमत्कार झाला. मागच्या खेपेला अठ्ठावीस असलेली चिमटी साडेएकोणतीस भरली. एका महिन्यात दीड इंच! तिनं वहीच्या पानाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि सासूबाईंना मुद्दाम मोठ्यांदा वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं." या वेळचं 'बरं' कानाला गोड लागलं.

"इकडे ये," तिनं नवऱ्याला हाक मारली. "टोक धर."

तो खुर्च्यांमधून वाट काढत ओट्याखाली वाकला, टेपेचं टोक हातात घेतलं आणि थांबला. "अगं, हे टोक..."

"टोक धर. डोकं लावू नकोस."

लग्नाला पाच वर्षं झालेल्या माणसाला सूचना एकदाच द्यावी लागते. त्यानं टोक धरलं, तिनं आकडा वाचला. रुंदी सोळा, उंची पंचवीस. तिनं पुन्हा मोजलं, सोळा, पंचवीस. सासूबाईंना बोलावून त्यांच्यासमोर मोजलं, तरी सोळा, पंचवीस. चारही कप्पे सारखे. कागदावर आकडे लिहून तिनं खाली दोन रेघा मारल्या आणि सही केली. नवऱ्यालाही सही करायला लावली. त्यानं केली, पण करताना तो खाली मान घालून हसल्यासारखा वाटला. याचंही काहीतरी शिजतंय, हे तिनं मनात टिपून ठेवलं.

आठ दिवसांनी सकाळी दारं आली. रंग सुरेख, कडा गुळगुळीत. तिनं खुर्च्या बाजूला केल्या, चिमटीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सुतारानं पहिलं दार कप्प्याला लावलं. दार आत जाईना. उभं धरलं, तिरकं धरलं, खालून चढवलं. मग त्यानं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. शेवटी तो उकिडवा बसला आणि कप्प्याकडे पाहत राहिला.

"मोठी झालीत," तो म्हणाला.

"होणारच," ती म्हणाली. आवाज तिनं शांत ठेवला होता. आठ दिवस ती याच क्षणाची वाट पाहत होती. "मी सोळा सांगितली होती."

"सोळाच आहेत, ताई."

"पाहू." तिनं पिवळी टेप दारावर धरली आणि विजयानं वर पाहिलं. "सतरा. आणि उंची, ही बघा, सव्वीस. एक सूत इकडे नाही म्हटलं होतं मी. तुम्ही आठ सूत तिकडे गेलात."

सुतारानं आपली पोलादी टेप काढून दारावर धरली. "सोळा. पंचवीस. या, तुम्ही वाचा."

तिनं वाचलं. सोळा, पंचवीस. मग त्यानं तीच टेप कप्प्याला लावली. "आणि तुमचा कप्पा पंधरा. उंची चोवीस."

"सोळा आहे," ती म्हणाली. "तीन वेळा मोजलाय. सह्या आहेत."

"सह्यांनी कप्पा रुंद होत नाही, ताई."

आता मात्र सगळं लख्ख उजेडात आलं. काकू म्हणत होत्या तेच. "दादा," ती हळू म्हणाली, "तुमची टेप एक इंच कमी दाखवते."

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवली. तीस वर्षांत त्याला लोकांनी उशिरा येतोस म्हटलं होतं, महाग आहेस म्हटलं होतं, पण टेपेला कुणी बोललं नव्हतं. "ताई," तो म्हणाला, "दारं मी आता घेऊन जातो. दुसरा कुणी बघा."

दारं जाणार, कप्पे उघडेच राहणार, खुर्च्या परत लागणार. सासूबाईंच्या मांडीवरून चिमटी घासणीकडे हात करून ओरडत होती. पण तत्त्वाचा प्रश्न होता. तिनं पिवळी टेप हातात घट्ट धरली.

"ती टेप बघू जरा," सासूबाई म्हणाल्या.

"कुठली?"

"माझी."

सासूबाईंनी चष्मा लावला. पिवळ्या टेपेचं टोक बोटांत धरून डोळ्यांपाशी नेलं. बराच वेळ पाहिलं.

"या टेपेवर पहिलाच आकडा दोन आहे," त्या म्हणाल्या. "एक कुठे गेला?"

त्यांनी टोक उलटून पाहिलं.

"आणि हिला पितळी टोपण होतं. चांगलं ठोकून बसवलेलं."

पितळी टोपण. तिच्या डोळ्यांसमोर गेल्या महिन्यातली दुपार उभी राहिली. चिमटी शिवणाच्या डब्यात डोकं घालून ते टोपण चघळत बसली होती. ते सुटलं असतं आणि घशात गेलं असतं तर? तिनं कात्री घेतली होती आणि टोपण काढताना नीटस दिसावं म्हणून बरोबर एकच्या रेघेवर कापलं होतं. तिचं काम नेहमीच नीटस.

"मला दिसलं होतं," नवरा दारातून म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"टोक धरलं होतं ना. डोकं लावायचं नव्हतं."

सुतार खाली पाहून दाराची कड पुसत राहिला. चांगला माणूस होता. "काही बिघडलं नाही, ताई," तो म्हणाला. "मोठं ते सुताराचं, लहान ते चुलीचं. लहान झाली असती तर जाळायलाच लागली असती. एक इंच कापून, कडा नव्या लावून उद्या आणतो. आणि एक सूत सोडतो, चालेल?"

"दोन सोडा," ती पुटपुटली.

एवढ्यावर संपलं असतं. पण सासूबाईंनी अजून चष्मा काढला नव्हता. "टोक कधी कापलंस म्हणालीस?"

"महिना होईल आता."

"एक तारखेला चिमटीला मापलंस त्याच्या आधी की नंतर?"

(गणितात त्याही हुशार होत्या, हे तिला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.)

तिनं वही आणली नाही. आणायची गरज नव्हती. साडेएकोणतीसातून एक गेला, फोटो गेला, नातेवाइकांचे अभिनंदनाचे अंगठे गेले. ती खुर्चीवर बसली. सुतारानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि त्याला न सांगता समजलं.

"दारांचा इंच मी कापून देतो," तो म्हणाला. "हिचा तेवढा तुम्हाला वाढवावा लागेल."

मग तो गुडघ्यांवर बसला आणि आपली पोलादी टेप काढली. सासूबाईंनी चिमटीला सतरंजीवर आडवं केलं, नवऱ्यानं पाय धरले. "टोक मी धरतो," सुतार म्हणाला. "ते कापू नका फक्त. वाचा, ताई."

"मागच्या महिन्यासारखंच अठ्ठावीस," ती वाचू लागली, "आणि... पुढे..."

"चार सूत," सुतार म्हणाला. "एका महिन्यात चार सूत म्हणजे पुष्कळ झालं. सागवान इतकं वाढत नाही."

सासूबाईंनी चिमटीला उचलून कडेवर घेतलं. "चार सूत," त्या म्हणाल्या. "बरं आहे की." हे तिसरं 'बरं' नेमकं कुठल्या जातीचं, हे तिला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारं बसली. अशी बसली की बंद करताना नुसता हवेचा आवाज यावा. शेवटी सुतारानं प्रत्येक दाराला आतून एक छोटी खटक्याची कडी लावली आणि ती कशी दाबायची ते दाखवलं. "ही बाळाला उघडता येणार नाही," तो म्हणाला.

सासूबाईंनी उठून फळीवरची कात्री घेतली, पहिल्या कप्प्यात ठेवली आणि दार लावलं.

"बाळाला उघडता आली तरी चालेल," त्या सुनेकडे बोट दाखवत मुलाला म्हणाल्या. "हिला येत नाही ना, ते बघ."